बोंबील : ओळख आणि वसतिस्थान
(वाकड येथे जमलेल्या शिक्षकांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या भाषणाचा विषय 'बोंबील' असा कळविण्यात आला, तेव्हा आपणांपैकी काहींना त्याचे नवल वाटले असेल. वाकड हे मुळेच्या काठचे गाव. समुद्र येथून पश्चिमेस सरळ रेषेत सुमारे नव्वद किलोमीटर दूर, आणि मध्ये सह्याद्रीची भिंत. १९९७ साली हे गाव पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत आले, पलीकडे हिंजवडीस संगणकाच्या कंपन्या उभ्या राहिल्या. परंतु समुद्र काही जवळ आला नाही. आपण तर मुळशी आणि मावळ तालुक्यांतील खेड्यांतून आलेले. तेव्हा समुद्रातील माशाशी आपणांस काय कर्तव्य, असे कोणी विचारले तर ते गैर नव्हे.

त्यावर माझे उत्तर असे की, समुद्र आपल्या गावात येत नसला तरी त्याचा हा एक प्रतिनिधी आठवड्याच्या बाजारात नेमाने येतो. सुक्या मासळीच्या पाटीत काड्यांसारख्या जुड्या रचून ठेवलेला बोंबील न पाहिलेले मूल आपल्या शाळेत विरळाच. ज्यांच्या घरी तो शिजत नाही, त्यांनाही तो वासाने ठाऊक असतो. ज्ञाताकडून अज्ञाताकडे जावे, हे तत्त्व आपण सर्वांनी प्रशिक्षणाच्या वेळी पाठ केले आहे. समुद्राच्या अज्ञाताकडे नेणारी एवढी ज्ञात वस्तू घाटावरच्या शाळेला दुसरी मिळणार नाही.

दुसरे कारण अधिक खाजगी आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी एका शाळेत भूगोलाच्या तासाला मी फळ्यावर हिंदुस्थानचा नकाशा काढला होता, आणि 'अरबी समुद्रातील मासळी' असा मथळा देऊन सौराष्ट्रापासून केरळाच्या टोकापर्यंत खडूची एक अखंड रेघ ओढून तिच्यावर 'बोंबील' असे लिहिले होते. मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. त्याचे घर मालवणकडचे. वडील कारखान्यातील नोकरीसाठी इकडे आलेले. तो म्हणाला, "गुरुजी, आमच्याकडे समुद्र आहे, पण हा मासा जाळ्यात फारसा मिळत नाही. आजी बाजारातून सुके आणते, आणि ते मुंबईकडून येतात." वर्ग हसला. मीही हसलो, आणि "पुस्तकात आहे ते खरे," असे म्हणून त्यास खाली बसविले. वास्तविक पुस्तकात तसे काही नव्हतेच. दोन ठिकाणी आहे म्हणजे मधल्या सर्व ठिकाणी असणारच, असे माझे मीच ठरवून टाकले होते. पुढे या माशासंबंधी शास्त्रज्ञांनी लिहिलेले वाचनात आले, तेव्हा कळले की मुलगा बरोबर होता आणि गुरुजी चूक. तोवर तो शाळा सोडून गेला होता. आजचे हे भाषण म्हणजे त्या रेघेची दुरुस्ती आहे, असे समजावे.

ओळखीच्या खुणा

प्रथम मासा नीट ओळखू या. बाजारात आपण पाहतो तो बोंबील नव्हे. ते त्याचे वाळलेले शरीर होय. ताजा बोंबील ज्याने कधी पाहिला नाही, त्यास तो त्याच माशाचा आहे असे सांगूनही पटावयाचे नाही.

ताज्या बोंबलाचे अंग अत्यंत मऊ, लिबलिबीत आणि अर्धवट पारदर्शक असते. हातात धरला तर तो दोन्ही बाजूंनी ओघळतो. रंग फिकट करडा, वरच्या अंगावर बारीक काळसर ठिपके, पर काळपट. हाडे इतकी मृदू की शिजविल्यावर खाणाऱ्यास त्यांचा त्रास होत नाही. त्याची लांबी बहुधा पंचवीस सेंटिमीटरांच्या आसपास, आणि फार वाढला तर चाळीस सेंटिमीटर. त्याच्या शंभर भागांत सुमारे अठ्ठ्याऐंशी भाग निव्वळ पाणी असते.

एवढ्या मवाळ देहाला तोंड मात्र विलक्षण क्रूर दिलेले आहे. डोळे लहान, जबड्याची फट डोळ्यांच्या पुष्कळ मागेपर्यंत गेलेली, खालचा जबडा वरच्यापेक्षा किंचित पुढे, आणि दोहोंत सुईसारखे, आतल्या बाजूस वळलेले दात. भक्ष्य एकदा आत शिरले की माघारी फिरू नये, अशी ही योजना आहे. जवळा, कोळंबी, मांदेली यांसारखे लहान जीव हे त्याचे खाद्य. आणि प्रसंगी आपल्याच जातीची पिले गिळावयासही तो मागेपुढे पाहत नाही.

तिसरी खूण खवल्यांची. पुढच्या अर्ध्या अंगावर खवले नसतात. ते मागच्या अर्ध्या भागावर आणि दोन्ही कुशींवरून जाणाऱ्या रेषेवरच असतात. चौथी खूण पाठीची. पाठीवरील मुख्य परामागे, शेपटीजवळ, काटे नसलेला एक लहानसा मांसल पर असतो. पाचवी खूण सर्वांत निश्चित, ती शेपटीची. बहुतेक माशांच्या शेपटीस दोन पाती असतात. बोंबलाच्या कुशीवरची रेषा शेपटीतही पुढे चालत जाते आणि दोन पात्यांच्या मध्ये एक तिसरे निमुळते टोक तयार करते. ही तीन टोकांची शेपटी आणि तो दातांचा जबडा, या दोन खुणा काळजीपूर्वक वाळविलेल्या माशातही पाहावयास मिळतात. म्हणून वर्गात दाखविण्यास सुका नमुना निरुपयोगी नव्हे. मात्र त्याची शेपटी मोडलेली नसावी.

येथे दोन नातेवाइकांचा उल्लेख केला पाहिजे, कारण मुले त्यांत घोटाळा करतात. पहिला 'चोर बोंबील'. नाव बोंबलाचे आणि कूळही तेच. परंतु त्याचे अंग घट्ट व गोल, सर्वांगावर खवले, आणि शेपटी साधी दोन पात्यांची. दुसरी वाकटी. सुक्या मासळीच्या पाटीत ती बोंबलाच्या शेजारीच असते, पण नात्याने पुष्कळ दूरची आहे. ती फितीसारखी चपटी असते, तिच्या पाठीवर डोक्यापासून मागपर्यंत एकच लांब पर असतो, आणि तिचे अंग निमुळते होत होत दोऱ्यासारखे संपते. तिला शेपटीचा पर नसतोच. तेव्हा नमुना हाती आला की आधी शेपटी पाहावी.

तो कोठे आढळतो

आता मी पूर्वी चुकीची ओढलेली रेघ नीट काढू.

पश्चिम किनाऱ्यावर बोंबलाचे खरे राज्य म्हणजे सौराष्ट्राच्या जाफराबादपासून खंबायतच्या आखाताच्या तोंडावरून पालघर, वसई, मुंबई आणि रायगडपर्यंतचा समुद्र. गुजराती लोक त्यास 'बुमला' म्हणतात. १ मे १९६० रोजी मुंबई राज्याची दोन राज्ये झाली. बोंबलाचे राज्य मात्र दोहोंत पसरलेले राहिले. रत्नागिरीकडे येता येता तो विरळ होतो, आणि त्याच्या दक्षिणेस, म्हणजे सिंधुदुर्ग, गोवे, कर्नाटक, केरळ या किनाऱ्यांवर, तो क्वचित मिळणारा मासा ठरतो. मालवणच्या आजीचे म्हणणे ते हेच.

येथे नकाशावर एक मोठी मोकळी जागा सोडावयाची. मग द्वीपकल्पाला वळसा घालून पूर्व किनाऱ्यावर यावयाचे. तेथे आंध्रच्या किनाऱ्यावर तो पुन्हा दिसू लागतो, आणि ओडिशा व बंगालकडे गंगेच्या मुखांपर्यंत वाढत जातो. बंगाली माणूस त्यास 'लोटे' म्हणतो आणि आपल्याइतक्याच आवडीने खातो. पुढे ब्रह्मदेश, मलाया, इंडोनेशिया आणि चीनच्या नदीमुखांपर्यंत त्याची वस्ती आहे.

यात एक मौजेची गोष्ट आहे. ज्या माशाला इंग्रजीत मुंबईचे नाव मिळाले, त्याचे शास्त्रीय वर्णन प्रथम मुंबईत झालेच नाही. फ्रान्सिस हॅमिल्टन या इंग्रज अमलातील वैद्याने १८२२ साली गंगेतील माशांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात या माशाचे वर्णन आहे, आणि 'हार्पाडॉन नेहेरियस' या आजच्या शास्त्रीय नावातील दुसरा शब्द त्यानेच दिलेला आहे.

त्याची वस्ती अशी तुटक का, हा प्रश्न अभ्यासकांना फार दिवस खुणावीत आला. डॉ. सुंदरलाल होरा यांनी १९३४ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात बोंबलाच्या भ्रमणावर लेख लिहिला. केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने १९७० साली एस. व्ही. बापट यांची या एकाच माशावरील पुस्तिका प्रसिद्ध केली. आपणांस वर्गात सांगता येईल असे कारण थोडक्यात पुढीलप्रमाणे आहे.

बोंबलास चिखलाचा तळ, उथळ पाणी, नद्यांनी आणलेला गाळ आणि जोरदार भरती-ओहोटी मानवते. हे सर्व उत्तरेस एकत्र येते. मुंबईसमोर समुद्राचा उथळ तळ सुमारे तीनशे किलोमीटर आत गेलेला आहे; केरळाकडे तो पुष्कळ अरुंद होतो. नर्मदा व तापी यांचा गाळ खंबायतच्या आखातात येऊन पडतो. भरती आणि ओहोटी यांच्या पाण्यातील अंतर त्या आखातात दहा मीटरांच्या आसपास, मुंबईस उधाणाच्या वेळी सुमारे पाच मीटर आणि गोव्याकडे दोन मीटरांच्या जवळपास असते. जो जवळा तो खातो, त्याचेही थवे या गढूळ पाण्यातच दाट असतात. बंगालच्या उपसागराच्या वरच्या टोकास गंगा, ब्रह्मपुत्रा व महानदी यांनी अशीच परिस्थिती निर्माण केली आहे. दोन्ही टोकांस सोयीचे घर आहे. मध्ये ते नाही.

मुळेचे पाणी

आता हा नकाशा आपल्या दारापर्यंत आणू. वाकडजवळून वाहणारी मुळा पुण्यास मुठेला मिळते, मुळा-मुठा भीमेस मिळते, भीमा रायचूरच्या बाजूस कृष्णेस मिळते, आणि कृष्णा आंध्रच्या किनाऱ्यावर बंगालच्या उपसागरात शिरते. म्हणजे अरबी समुद्र शंभर किलोमीटरांच्या आत असता आपल्या ओढ्याचे पाणी हजाराहून अधिक किलोमीटरांचा प्रवास करून उलट्या दिशेच्या समुद्रास जाते.

परंतु मुळेचे सर्वच पाणी तसे जात नाही. मुळशी येथे टाटांच्या धरणाने ते अडविले आहे. याच धरणाविरुद्ध १९२१ पासून सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली मुळशीचा सत्याग्रह झाला, हे आपण इतिहासात शिकवितो. त्या धरणाचे पाणी सह्याद्रीच्या कड्यावरून पश्चिमेस भिऱ्याच्या वीजगृहात सोडले जाते. ते वीजगृह १९२७ साली सुरू झाले. वीज निर्माण करून ते पाणी कुंडलिकेत पडते आणि रेवदंड्याच्या खाडीने अरबी समुद्रास मिळते.

म्हणून एकाच मुळशी खोऱ्यात पडलेल्या पावसाचा एक भाग रायगडच्या किनाऱ्यास जातो आणि दुसरा आंध्रच्या. ज्या दोन समुद्रांत ही दोन पाणी उतरतात, त्या दोहोंत बोंबील आहे. आणि त्या दोन मुखांना जोडणाऱ्या एवढ्या लांब दक्षिण किनाऱ्यावर तो जवळजवळ नाही. मुळेच्या पाण्यामुळे तेथे बोंबील झाला, असे मात्र कोणी मुलांस सांगू नये. पाण्याची वाट दाखविणे निराळे आणि कारण सांगणे निराळे.

जाळे आणि वाळवण

बोंबील पकडण्याचे मुख्य साधन 'डोल'. हे नरसाळ्याच्या आकाराचे, पुढे रुंद तोंड आणि मागे निमुळती पिशवी असलेले मोठे जाळे. ते समुद्रात रोवलेल्या खुंटांस किंवा नांगरांस बांधून प्रवाहाच्या समोर उघडे ठेवतात. कोळी माशामागे धावत नाही. भरती-ओहोटीचा प्रवाहच मासा आणून जाळ्यात भरतो. प्रवाह मंदावला की जाळे ओढावयाचे. म्हणून डोलीच्या धंद्यात घड्याळापेक्षा तिथी महत्त्वाची. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणास पाणी जोरात, अष्टमीच्या सुमारास मंद. पंचांगाचा आणि समुद्राचा हा संबंध सांगितला तर चंद्रकलांचा पाठ मुलांच्या अधिक चांगला ध्यानात राहील.

एवढा पाणीदार मासा टिकणार कसा? सकाळी आणलेला बोंबील उन्हात तासाभरात उतरू लागतो. म्हणून किनाऱ्यावर बांबू रोवून त्यांना आडव्या दोऱ्या ताणतात, आणि दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ती जोडी दोरीवर टाकतात. जे दात भक्ष्य धरण्यासाठी निसर्गाने दिले, तेच येथे आकड्याचे काम करतात. बहुधा मीठ न लावता, केवळ ऊन आणि वारा यांवर हे वाळवण होते. त्यावर कोळणींचे दिवसभर लक्ष असते, कारण एक अवेळी सर आली की सर्व मेहनत फुकट जाते.

यातून गणिताचे एक उदाहरण निघते. शंभर किलो ताज्या बोंबलात पाणी सुमारे अठ्ठ्याऐंशी किलो, म्हणजे घन भाग बारा किलो. सुक्या बोंबलात पाण्याचा अंश शेकडा सोळा धरला, तर शंभर किलो ताज्याचे सुके किती? मुलांनी मांडावे. उत्तर सव्वाचौदा किलोंच्या किंचित वर येते. म्हणजे सात किलोंचे एक किलो. सुका बोंबील महाग का, हे मग निराळे सांगावे लागत नाही.

नावाची एक कथा

इंग्रज या माशास 'बॉम्बे डक' म्हणत. त्याविषयी एक गोष्ट नेहमी सांगितली जाते की, सुके बोंबील मुंबईहून टपालगाडीने जात, त्या गाडीला 'बॉम्बे डाक' म्हणत आणि 'डाक'चे 'डक' झाले. गोष्ट चटकदार आहे. परंतु आपल्याकडील पहिली आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबईहून ठाण्यास गेली, आणि हे नाव त्यापूर्वी कित्येक वर्षे इंग्रजी पुस्तकांत छापलेले आढळते. जी गाडी निघालीच नव्हती तिच्यावरून नाव पडले, असे कसे म्हणावे? माझ्या खडूच्या रेघेसारखीच ही कथा. दोन टोके दिसली, मधली जागा कल्पनेने भरून काढली.

अठरा सेंटिमीटर

आता एक गंभीर गोष्ट. डोलीच्या शेवटच्या टोकास जाळ्याचे आस बारीक असतात. त्यात मोठ्या बोंबलाबरोबर, ज्यांनी अद्याप एकदाही अंडी घातली नाहीत अशी पिलेही येतात. ती विकली जातात, परंतु पुढच्या वर्षाचे बियाणे त्यांच्याबरोबर जाते. शेतकऱ्याच्या मुलास हे समजावून सांगावे लागणार नाही. पेरणीचे दाणे दळून खाणाऱ्या घराचे काय होते, हे तो जाणतो. महाराष्ट्र शासनाने २०२३ साली ५४ जातींच्या मासळीसाठी किमान लांबी ठरवून दिली. बोंबलाची ती १८० मिलिमीटर, म्हणजे अठरा सेंटिमीटर आहे.

मोठ्या पट्टीवर अठराचा आकडा असतोच. तेथे बोट ठेवून "याहून लहान ताजा बोंबील घेऊ नये," एवढे सांगितले, तर नियम कागदावरून घरापर्यंत जाईल. सुक्या माशास मात्र हे माप लावू नये. वाळताना तो आकसतो.

वर्गातील पथ्ये

शेवटी, हा पाठ घेताना पाळावयाची काही पथ्ये सांगतो.

१. नमुना घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत आणावा. ज्या मुलांच्या घरी मासळी वर्ज्य आहे, त्यांस हात लावण्याचा आग्रह करू नये.

२. वासावरून कोणी कोणास हसू लागल्यास ते तत्काळ थांबवावे. ज्याच्या डब्यात बोंबलाची चटणी आहे, त्या मुलाने डबा लपवून खावा असा प्रसंग आपल्या शाळेत येता कामा नये. अंगाने किरकोळ मुलास 'सुका बोंबील' म्हणण्याची खोडही तेथेच मोडावी.

३. खुणा आपण सांगण्यापूर्वी मुलांकडून काढून घ्याव्यात. जबडा, खवले, शेपटी या क्रमाने पाहावयास लावावे, आणि मग शेजारी वाकटी ठेवून फरक विचारावा.

४. नकाशावर अखंड रेघ ओढू नये. जेथे मासा मिळतो असे निश्चित ठाऊक आहे, तेथे ठिपके द्यावेत, आणि मोकळी जागा मोकळीच ठेवावी. मोकळी जागा हेही ज्ञानच आहे.

५. ठिपके देण्यापूर्वी वर्गास विचारावे. आज आपल्या शाळांतून, विशेषतः चाकण, हिंजवडी व पिंपरी-चिंचवडच्या आसपास, कारखान्यांत आणि बांधकामांवर काम करणाऱ्यांची मुले बसतात. कोणी कोकणातले, कोणी ओडिशाचे, कोणी बंगालचे. भाषा नीट येत नाही म्हणून जो मुलगा मागच्या बाकावर गप्प बसलेला असतो, त्यास सुक्या बोंबलाचा जबडा आणि शेपटी दाखवून पाहा. कदाचित तो 'लोटे' म्हणेल. आपल्या नकाशाचा पूर्वेकडचा अर्धा भाग त्याच्यापाशी आहे.

मित्रहो, मासा लहान आहे आणि बाजारात त्याची किंमत पापलेट-सुरमईच्या मानाने थोडी. परंतु मला त्याने एक मोठा धडा शिकविला. जेथे आपण पाहिले नाही, तेथे ज्याने पाहिले आहे त्यास विचारावे, मग तो दहा वर्षांचा का असेना. त्या मुलास मी खाली बसविले, ती वेळ आता परत येत नाही. आपणांपुढे मात्र उद्याच्या तासाला कोणी ना कोणी उभे राहील आणि म्हणेल, "गुरुजी, आमच्याकडे तसे नाही." त्यास खाली बसवू नका. त्याच्या हाती खडू द्या.